नोझलमध्ये मारलेली फुंकर

मी एक जुना फवारणीचा पंप आहे. मित्रांनो, फार जवळ येऊ नका, माझ्या अंगाला अजून वास आहे. लांबूनच ऐका.

कारखान्यातून मी मारेगावच्या कृषी केंद्रात आलो आणि तिथून राजदीपने मला घरी नेलं. घरची शेती, अंगात रग, कामाला वाघ. ओळीओळीने तो कपाशीतून चालायचा आणि मी त्याच्या पाठीवर ऐटीत बसायचो. संध्याकाळी मला धुऊनपुसून म्हणायचा, "असा पंप गावात नाही." मी फुशारून जायचो.

स्वतःच्या अंगाची मात्र त्याला पर्वा नव्हती. बायकोने, अंजूने, चष्मा आणि हातमोजे आणून दिले होते. ते बाभळीला टांगलेले असायचे. नोझलमध्ये कचरा अडकला की तोंडाला लावून फुंकायचं, ही गावभरची खोड. पंप दुरुस्त करणाऱ्या मोईन मिस्त्रीने त्यासाठी बारीक ब्रश दिला होता. तो राजदीपच्या खिशातच असायचा.

त्या वर्षी कपाशी डोक्याच्या वर गेली. त्याने दोन जहाल औषधं एकत्र कालवली. पाणी घेऊन आलेली अंजू म्हणाली, "चष्मा तरी लावा जी."

"घाम येते वं त्याच्यात. माह्या बापानं जलमभर असंच मारलं. काय झालं त्याले?"

"त्यायच्या वक्ती कपाशी कमरेएवढी होती."

"तू जाय घरी."

ती गेली. थोड्या वेळाने वारा फिरला आणि फवारा त्याच्याच तोंडावर येऊ लागला. थांबायला हवं, हे त्याला कळत होतं. पण थोडंच उरलं होतं. तेवढ्यात नोझल अडकलं. त्याने ते तोंडाला लावून फुंकलं. माझ्यात दाब शिल्लक होता आणि खटक्यावर त्याचं बोट तसंच होतं. सगळं विष त्याच्या डोळ्यांत उडालं. मला ते आवरता आलं नाही, याचं फार वाईट वाटतं.

यवतमाळच्या दवाखान्यात जीव वाचला, नजर गेली. भेटायला आलेले शेजारचे भगवानराव म्हणाले, "नशिबाचे भोग, बाप्पा!"

"नशिबावर नका ढकलू, काका," राजदीप म्हणाला. "मले समजत होतं. मीच नाही आयकलं."

मी आता शेतातल्या गुरांच्या कोठ्यात धूळ खात पडलो आहे. परवा अंजूने त्याचा हात धरून त्याला धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, आणलं.

"फुटली काय वं कपाशी?"

"फुटली जी. पांढरं झालं सारं."

तो समाधानाने बघत राहिला. शेत त्याच्या पाठीमागे होतं. अंजूने त्याला वळवलं नाही, नुसता पदर तोंडाला लावला.

मित्रांनो, मी यंत्र आहे. खटका दाबला की मला फवारावंच लागतं. तुम्हाला थांबता येतं. वेळेवर थांबा रे.