हसून हसून लपवायला लावलेलं नाव

सकाळी इस्पितळाच्या वॉर्डातल्या वॉर्डबॉय मामाने पलंगाला लावलेला कागद वाचला आणि तो फिस्सकन हसला. "हे माणसाचं नाव आहे की मोटारीचा भोंगा?" झालं! अख्ख्या वॉर्डाला फुकटची करमणूक. टाके दुखत असलेलेसुद्धा पोट धरून हसले.

पलंगावरच्या सुताराने भिंतीकडे तोंड फिरवलं. करवतयंत्राने त्याची मांडी फाडली होती, रक्त बरंच गेलं होतं. बापाने हौसेने ठेवलेलं त्याचं नाव मी इथे सांगणार नाही. सांगितलं तर तुम्हीही हसाल!

शाळेत हजेरीला तो तोंड उघडत नसे. मोठेपणी गिऱ्हाइकांना चारचौघांसारखं भलतंच नाव सांगू लागला. आताही मनगटावरची नावाची पट्टी त्याने गुपचूप काढून उशीखाली सारली.

दुपारी पाळी बदलली. नवी नर्स रक्ताची पिशवी घेऊन आली.

"दादा, नाव काय तुमचं?"

सगळ्यांनी कान टवकारले. सुताराने ते गिऱ्हाइकांना सांगायचं नाव सांगितलं. पिशवीवरही तेच नाव होतं. पण ते दुसऱ्याच पेशंटचं!

नर्स सुई लावणार, तोच त्याची बायको धावत आत आली.

"थांबा! ह्यांचं रक्त अजून तयारच नाही, आत्ताच रक्तपेढीत विचारून आले. मग हे कुणाचं?"

नर्सने पिशवी पलंगावरच्या कागदाशी ताडून पाहिली. गट वेगळा! तिने पिशवी बाजूला ठेवली. "पट्टी, कागद काहीच न बघता लावत होते मी... जीव गेला असता ह्यांचा!"

"अहो, स्वतःचं नाव का नाही सांगितलंत?" पिशवीवरचं ते नाव वाचून बायको ओरडली.

सुतार पुटपुटला, "सकाळी सगळे हसले ना गं..."

मामा चाचरला. "ताई, आम्ही आपली गंमत केली."

"गंमत? तुमच्या गमतीपायी मी विधवा झाले असते, मामा! पोरवयापासून लोक ह्यांना हसतायत. चोरीचा माल लपवावा तसं नाव लपवतो हा माणूस. ह्यांनी कुणाचं काय घोडं मारलंय?"

मामाची मान खाली गेली. "चुकलं माझं. पुन्हा कुणाच्या नावाला हसलो तर थोबाडात मारा."

तासाभराने योग्य पिशवी आली. नर्सने पुन्हा नाव विचारलं. सुताराने खणखणीत आवाजात आपलं खरं नाव सांगितलं. कुणीच हसलं नाही.

लोकहो, नाव कुणी मागून घेत नाही! बाप हौस भागवतो, आपण दात काढतो आणि तो माणूस जन्मभर अंग चोरून जगतो. हौस करायची तर घरादाराच्या नावाला करा, पोराच्या नावाला नको. आणि तुमचं ते हसू? गिळा!