कोरीट फाट्यावरची हाक

शर्यतीच्या रस्त्यावरचे बाण फक्कीने मारायचे, ही अक्कल माझी. योगेंद्रने ऑइलपेंटचा डबा आणून दिला होता, सोबत ब्रशही. पण सतरा वर्षं शाळेचं मैदान आखणाऱ्या क्रीडाशिक्षकाला ब्रश कोण शिकवणार? खो-खो असो, कबड्डी असो, नाहीतर पंधरा ऑगस्टची कवायत, चुन्याची फक्की डब्यात भरायची, कमरेत वाकायचं आणि सोडत जायचं. "मार्चमध्ये कुठला पाऊस येतोय?" असं म्हणून मी तो पेंट घरी नेला आणि फाटकाला लावला. फाटक अजून छान चमकतं. मी त्याच्याकडे बघत नाही.

योगेंद्र माझा बालमित्र आणि नंदुरबारच्या सायकल क्लबचा सर्वेसर्वा. ट्रायथलॉनचं खूळ त्याचंच. आधी तापीच्या अडवलेल्या पाण्यात साडेसातशे मीटर पोहायचं, मग वीस किलोमीटर सायकल हाणत शहरात यायचं आणि शेवटी पाच किलोमीटर पळायचं. मी बेचाळीस वर्षांचा, शिट्टी वाजवून वाजवून पोट सुटलेला. पोरांना पळवणारा हा माणूस स्वतः कधी पळालाय का, अशी स्टाफरूममध्ये चेष्टा चालायची. त्या चेष्टेच्या रागापोटी मी नाव दिलं आणि चार महिने मान मोडून सराव केला.

दिलवरसिंगचं नावही मीच दिलं. तो धडगावच्या वरच्या अंगाच्या एका पाड्यातला. आठवीत आमच्या शाळेत आला आणि पहिल्याच महिन्यात अनवाणी पायांनी सगळ्या शाळेला मागे टाकून गेला. आता वीस वर्षांचा आहे, पोलीस भरतीची तयारी करतोय. त्याला क्लबची एक जुनी सायकल मिळवून दिली ती मीच. शिष्य पुढे गेला तर गुरूलाच आनंद, असं मी स्टाफरूममध्ये सांगत फिरायचो. साफ खोटं. मला त्याला हरवायचं होतं, आणि ते लोकांसमोर.

स्पर्धा सकाळी साडेसहाची. पण पाहुणे यायचे होते, आणि पाहुण्यांशिवाय आपल्याकडे लंगडीचा डावसुद्धा सुरू होत नाही. साडेदहाला नारळ फुटला तेव्हा पश्चिमेकडचं आभाळ शिशासारखं झालं होतं. पाण्यातून दिलवरसिंग सगळ्यांत आधी बाहेर पडला, मी चौथा. सायकलवर बसलो आणि एकेकाला मागे टाकत गेलो. बाराव्या किलोमीटरला माझ्या पुढे फक्त त्याची पाठ उरली.

तेवढ्यात वारा सुटला. धूळ, पाचोळा, कुठल्यातरी शेतातला फाटका प्लास्टिकचा कागद, सगळं रस्त्यावर आडवं येऊ लागलं. मग थेंब. एकेक थेंब बोराएवढा.

कोरीट फाट्याच्या वळणावर आम्ही बेबीबाईंना उभं केलं होतं. वळणाला लागूनच मिरचीची पथारी आहे. उघड्या रानात लाल मिरची वाळत घातलेली, एकरभर. बेबीबाई तिथे देठ खुडायला येतात. योगेंद्रने त्यांच्या हातात लाल झेंडी दिली होती आणि सांगितलं होतं की सायकलवाला दिसला की डावीकडे दाखवायचं. पण नंदुरबारात आभाळ भरून आलं की माणूस हातातलं काम टाकून मिरचीकडे धावतो. लग्नातला वाजंत्रीही ताशा ठेवून ताडपत्री ओढायला जाईल. बेबीबाईंनी झेंडी फेकली आणि धावल्या. मला त्यांचं ओरडणं अजून आठवतं, "तुम्हनी शर्यत राहू द्या, मिरची भिजी ऱ्हायनी!" त्यांना कोणी दोष दिला नाही, मीही देत नाही.

झेंडी गेली. आणि माझे बाण? ते दूध होऊन रस्त्याच्या कडेने वाहत होते.

दिलवरसिंग पन्नास पावलं पुढे होता. डोंगरातला पोरगा, त्याला या सपाटीवरचे फाटे काय ठाऊक? त्याने वळणाशी वेग कमी केला, खाली रस्त्याकडे बघितलं, बाण शोधला. दिसला नाही. क्षणभर पाय टेकवल्यासारखं केलं आणि सरळ निघाला. सरळ रस्ता शेताशेतांतून परत तापीकडे जातो. त्यावर ना घर, ना झाड.

हाक मारायला किती वेळ लागतो? "दिलवर, डावीकडे!" दोनच शब्द. चारशे पोरं कवायतीला उभी असली तरी मला माईक लागत नाही. वारा माझ्या पाठीमागून त्याच्याकडे वाहत होता, हाक आपसूक पोचली असती. मी तोंड उघडलं. तोंडात पाऊस गेला. मी तोंड मिटलं आणि डावीकडे वळलो.

एवढंच घडलं. मी ते शंभरदा मनात घडवून बघितलं आहे आणि शंभर वेळा मी डावीकडेच वळलो आहे.

शहराच्या तोंडाशी पोचलो तेव्हा गारा सुरू झाल्या. लिंबाएवढ्या. हेल्मेटवर ताशा वाजावा तशा वाजत होत्या. शाळेच्या मैदानावरचा मंडप आडवा झाला होता, टेबलं उलटी पडली होती, लोक व्हरांड्यात कोंबडीच्या पिलांसारखे दाटीवाटीने उभे होते. योगेंद्रने पळण्याचा टप्पा रद्द केला आणि सायकलवरून जो आधी आला तो पहिला, असं जाहीर करून टाकलं. मी पहिला. लोकांनी माझ्या ओल्या पाठीवर थापा मारल्या. एका बाजूला छाती फुगत होती आणि दुसऱ्या बाजूला डोळे सारखे शाळेच्या फाटकाकडे जात होते.

दिलवरसिंग दीड तासाने आला. पायी. सायकल खांद्यावर, मागचं चाक वाकडं, उजव्या कानावरून रक्ताचा ओघळ. उघड्या रानात त्याने सगळ्या गारा अंगावर घेतल्या होत्या. एका खड्ड्यात पडला होता आणि सायकल डोक्यावर धरून बसून राहिला होता.

योगेंद्र माझ्याकडे वळला. "हेमकांत, तू त्यान्हा मांगेच व्हता ना? तुले तो दिखना नही का?"

व्हरांड्यातले सगळे माझ्याकडे बघायला लागले. खाई त्याला खवखवे म्हणतात. मी विचारल्यापेक्षा जास्तीचं बोलून गेलो.

"दिखना, दिखना! तीन हाका मारल्या मी त्याले. वारामा ऐकू उनं नही."

तीन. एक म्हटली असती तर चाललं असतं, पण मी तीन म्हणालो.

दिलवरसिंगने माझ्याकडे बघितलं. ओठ निळे पडले होते त्याचे. त्याने उजव्या कानाला हात लावला आणि शाळेतल्या मराठीत, जशी तो माझ्याशी नेहमी बोलतो तशी, हळूच म्हणाला, "माझीच चूक आहे, सर. मला ऐकू नाही आलं."

संध्याकाळी मला शाल, श्रीफळ आणि एक पितळी ट्रॉफी मिळाली. दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो. स्टाफरूममध्ये पेढे वाटले मीच.

अकरा दिवसांनी रविना मला व्हरांड्यात भेटली. दिलवरसिंगची धाकटी बहीण, आमच्याच शाळेत अकरावीला, वसतिगृहात राहते. म्हणाली, "सर, तुम्ही दादाला समजावा ना. तो भरतीचा फॉर्मच भरत नाही. मंगळवार शेवटची तारीख आहे."

"का भरत नाही?"

"त्याचा उजवा कान गेला म्हणतो. पोहताना पाणी गेलं तेव्हाच बंद झाला, वरून गारांचा मार लागला. कान वाजतो त्याचा. मेडिकलमध्ये काढतीलच, मग कशाला फॉर्म भरू, म्हणतो."

"अगं, डॉक्टरला दाखवलं का?"

"नाही. डॉक्टरने कागदावर लिहून दिलं तर कायमचं होईल, म्हणतो. मीच त्याला म्हटलं की माझ्याशी फोनवर तर नीट बोलतोस. तर म्हणतो, फोन डाव्या कानाला असतो. आमच्याकडे या डोंगरावरून त्या डोंगरावर हाका मारतात, सर. तेवढ्या लांबची हाक ऐकणारा माणूस, आणि सरांनी पन्नास पावलांवरून तीन हाका मारल्या त्या ऐकू आल्या नाहीत. म्हणजे कान गेलाच, म्हणतो."

माझ्या हातातली शिट्टी खाली पडली. ती तिनेच उचलून दिली.

रविवारी सकाळी मोटारसायकल काढली. धडगावचा घाट चढताना वाक्यं जुळवत होतो. "हे बघ दिलवर, माणसाकडून चूक होते." नको. "त्या दिवशी परिस्थितीच अशी होती." छे! सतरा वर्षं पोरांना खिलाडूवृत्तीवर भाषणं झोडली, आणि स्वतःसाठी एक धड वाक्य सापडेना. लाज वाटत होती. भीतीही वाटत होती, आणि जास्त काय वाटत होतं ते खरंच सांगता येणार नाही.

त्यांचं घर एका टेकाडावर, शेजारचं घर समोरच्या टेकाडावर, मध्ये नाला. दिलवरसिंग अंगणात लाकडं फोडत होता. मला बघून कुऱ्हाड टाकून धावत आला, पाया पडला. मी मागे सरकलो. त्याची आई फुलवंताबाई घरातून खाट घेऊन आल्या, त्यावर गोधडी अंथरली. त्यांना मराठी फारशी येत नाही. आपल्या बोलीत त्या बराच वेळ माझ्याकडे हात करून बोलल्या आणि दिलवरसिंगने खाली बघत मला सांगितलं, "आई म्हणते, एवढ्या वादळात स्वतःची शर्यत सोडून माझ्या पोराला तीन हाका मारल्या. असा गुरुजी कोणाला मिळतो!"

कोरा चहा आला. मी कप खाली ठेवला.

"दिलवर," मी म्हणालो, "तुझा कान चांगला आहे."

"नाही सर. सारखा वाजतो."

"मी सांगतो ना, चांगला आहे. फॉर्म भर."

"तुम्ही मन राखायला म्हणताय, सर." तो हसला. "मला कळतं."

इथे बोलायला हवं होतं. फुलवंताबाई मध्येच काहीतरी म्हणाल्या आणि तो एकदम सरसावून बसला. "आई म्हणते, सर आलेच आहेत तर कान बघून घेऊ. आमच्याकडे असाच बघतात. तुम्ही नाल्याच्या काठापर्यंत जा. मी पाठ करून उभा राहतो, डावा कान बंद करतो. तुम्ही त्या दिवशी मारली होती तशीच हाक मारा. तेवढीच मोठी, सर, जास्त नको. ऐकू आली की मी हात वर करीन."

नाही कसं म्हणणार? मी उतरत गेलो. पावलं मोजली, सवयच आहे. पन्नास झाली तेव्हा वळलो. वर अंगणाच्या कडेला तो माझ्याकडे पाठ करून उभा होता, डाव्या कानात बोट घातलेलं. फुलवंताबाई त्याच्या बाजूला उभ्या राहून माझ्याकडे बघत होत्या. त्यांनी मला हाताने खूण केली.

तशीच हाक. पण ती हाक कशी होती, मला कुठे ठाऊक होतं?

मी तोंड उघडलं. आवाज निघाला नाही. वारा नव्हता, पाऊस नव्हता, ऊन स्वच्छ पडलं होतं आणि मी तसाच उभा होतो. किती वेळ गेला कोण जाणे. वर दिलवरसिंगने मान थोडी तिरकी केली. उजवा कान माझ्याकडे वळवला. पुन्हा वाट बघितली. आणि मग त्याचे खांदे हळूहळू खाली आले. त्याला वाटलं, मी हाक मारली, आणि ती त्याला ऐकू आली नाही. मी दुसऱ्यांदा तेच केलं होतं.

"मी हाक मारलीच नव्हती!"

इतक्या जोरात ओरडलो की समोरच्या टेकाडावरचं कुत्रं भुंकायला लागलं. "दिलवर, त्या दिवशी मी हाक मारली नव्हती! तू चुकीच्या रस्त्याने जाताना मला दिसला होतास! मी मुद्दाम गप्प बसलो!"

त्याचा हात वर गेला. ठरलं होतं म्हणून गेला असावा. वर्गात हजेरीला करायचा तसाच, सरळ, कोपरात न वाकवता.

फुलवंताबाईंना शब्द कळले नव्हते, त्यांनी फक्त हात बघितला. त्या टाळ्या वाजवत हसायला लागल्या, पदराने डोळे पुसायला लागल्या, आणि मला खाली ऐकू जाईल इतक्या मोठ्याने काहीतरी म्हणाल्या. तो मात्र वळला नाही. हात तसाच वर होता. मग त्याने तो खाली घेतला आणि डाव्या कानातलं बोट काढलं.

"सर," तो तिकडेच तोंड करून म्हणाला, "परत एकदा सांगा."

मी परत सांगितलं.