रिकामा रकाना

ताईच्या सॉफ्टवेअरला एक वाईट खोड होती. एखादी गोष्ट ठाऊक नसली, की ते सरळ ठाऊक नाही म्हणून सांगायचं.

घोड्यांच्या धंद्यात ही खोड म्हणजे आपल्याच पायावर धोंडा. रेसकोर्सच्या फाटकापाशी टिपा विकणारे रांगेने उभे असतात आणि त्यातल्या प्रत्येकाला प्रत्येक रेसचा विजेता छातीठोक माहीत असतो. इतकं माहीत असूनही ते भर उन्हात उभे का, हे त्यांना कुणी विचारत नाही. ताईच्या छापील पानावर मात्र दोन-तीन रेसपुढे हटकून तीन शब्द असायचे: सांगता येत नाही. नवं गिऱ्हाईक ते वाचून पान उलटं करून बघायचं, मागे काही छापलंय का म्हणून.

पान सुरू केलं ते वडिलांनी. ते घोड्याची चाल बघून टिप द्यायचे आणि टिप चुकली की जॉकीच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचे. त्यांच्यामागे ताईने पान हाती घेतलं आणि जॉकीवर खापर फोडायची सोयच बंद करून टाकली. सायकलच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत बसून तिने जुने निकाल कॉम्प्युटरात भरले, स्वतःच शिकून प्रोग्राम लिहिला. कोणता घोडा किती अंतर किती वेळात धावला, पाठीवर वजन किती होतं, जमीन ओली होती की कोरडी, सगळ्याचा हिशेब. आणि एक नियम दगडावरची रेघ: रेसमध्ये एक जरी घोडा आयुष्यात पहिल्यांदा धावणारा असला, तर त्या रेसवर बोलायचं नाही. तो पहिला येईल किंवा शेवटचा येईल, त्याच्या मालकालाही ठाऊक नसतं, तर आपल्याला कुठून असणार?

या नियमावरून बहीणभावात रोज वाजायचं. धाकटा सरकारी कचेरीतली नोकरी सोडून पानाच्या धंद्यात आला होता. आकडे भरणं आणि पान विकणं, दोन्ही त्याच्याकडे. माणूस कामाचा, हात स्वच्छ, पण कचेरी काही अंगातून गेली नव्हती. तिथे त्याला एकच गोष्ट घोटून घोटून शिकवली होती, की कागदावरचा रकाना रिकामा सोडायचा नाही. काही नसलं तर शून्य लिहा, निरंक लिहा, पण लिहा. रिकाम्या रकान्याची फाइल साहेब तोंडावर फेकायचा. म्हणून नव्या घोड्यांची नोंद ताई स्वतः करायची. त्यांचे रकाने ती मोकळे सोडायची आणि त्या मोकळ्या जागांवरूनच प्रोग्रामला कळायचं की इथे गप्प बसायचं आहे.

खप घसरत चालला होता, हे काही खोटं नव्हतं. लोकांच्या हातात फोन आले होते आणि फोनवर प्रत्येक घोड्यापुढे जिंकायचे टक्के येत होते. अशात एका मोठ्या कंपनीचा माणूस धाकट्याने गाठला. कंपनीला ताईचा प्रोग्राम विकत हवा होता. अट एवढीच, की प्रत्येक रेसला उत्तर मिळालं पाहिजे. धाकट्याने आपल्या बाजूची सही करूनही टाकली होती. ताईची तेवढी बाकी होती.

"तू नुसतं भेट त्यांना," तो म्हणाला. "चहा पाज. प्रोग्राम दाखव. मग नाही म्हण हवं तर."

"आत्ताच म्हणते. चहा वाचेल."

"ताई, पुढच्या वर्षी हे पान निघेल की नाही सांगता येत नाही. हे तरी तुझ्या भाषेत कळतंय ना?"

हे मात्र तिला लागलं. ती हो म्हणाली.

कंपनीवाले साहेब रेसच्या दिवशीच आले. तरुण, हसरे, बूट दाराबाहेर अगदी जोडीने लावून ठेवणारे. पाहुण्यांसमोर स्क्रीन भरलेला दिसावा म्हणून धाकट्याने सकाळीच सगळे आकडे भरून ठेवले होते, नव्या घोड्यांचे सुद्धा. ताईला म्हणाला, "तू आज बसून राहा, सगळं झालंय." तिला वाटलं, चला, रकाने मोकळे सोडायचं शहाणपण आलं. ती साहेबांशी बोलत बसली.

पहिल्या तीन रेस नेहमीसारख्या गेल्या. दोन बरोबर, एक चूक. साहेब माना डोलावत होते, पण मनातून जांभया देत होते. चौथ्या रेसला ताईने बटण दाबलं आणि स्क्रीनवर आलं: सात नंबर, सत्त्याण्णव टक्के.

साहेब खुर्चीत पुढे सरकले. ताई स्क्रीनकडे वाकली. तिच्या प्रोग्रामने आजवर कुठल्याही घोड्याची इतकी तरफदारी केली नव्हती. चाळीसच्या पुढे जाताना त्याला धाप लागायची. तिने सात नंबरची नोंद उघडली. घोडा नवाकोरा होता, एकही रेस न धावलेला. आणि त्याच्या मागच्या रेसच्या वेळेच्या रकान्यात नीटनेटकं शून्य बसलं होतं.

प्रोग्राम बिचारा काय करणार? ज्याला कमी वेळ लागतो तो वेगवान, एवढंच तिने त्याला शिकवलं होतं. या घोड्याला अख्खं अंतर कापायला शून्य सेकंद लागले होते. सुटायच्या आधीच पोचणारा घोडा!

"हे चूक आहे," ताई मोठ्याने म्हणाली. "ही टिप धरू नका. आकडा चुकीचा भरला गेलाय."

"अहो, राहू द्या की," साहेब हसले. "घोडे सुटलेसुद्धा."

तिघं टीव्हीकडे वळली. सात नंबर सुरुवातीला मधे अडकला होता. वळणावर बाहेर आला, कुणाला धक्का नाही, कुणाची चूक नाही, आणि मोकळ्या मैदानात जे अंतर तोडलं, की मागचे घोडे चालत असल्यासारखे दिसले. सरळ, स्वच्छ जिंकला.

साहेब टाळ्या वाजवत उठले. धाकट्याने ताईचे खांदे धरून हलवले. खाली सायकलच्या दुकानातून शिंपीकाकांचा ओरडा ऐकू आला. पानाचं हे जुनं गिऱ्हाईक चाक दुरुस्त करायला आलं होतं, आणि धाकट्याने खिडकीतून सगळ्यांना ओरडून दिलेल्या टिपेवर काकांनी फोनवरून डाव लावला होता.

"मला हाच प्रोग्राम हवा," साहेब म्हणाले. "आजचा. असाच्या असा."

"आजचा प्रोग्राम नाही तो, आजची चूक आहे," ताई म्हणाली. तिने शून्य दाखवलं, समजावून सांगितलं. धाकट्याचा चेहरा उतरला. साहेबांचा काही उतरला नाही.

"पण घोडा तर जिंकला ना?"

"जिंकला. त्याच्या पायांनी जिंकला. आमचा त्याच्याशी संबंध नाही. उद्या कुठलाही नवखा घोडा आला, अगदी लंगडा आला, तरी हा त्याला पहिला नंबर देईल. आणि लोक डाव लावतील."

"लोकांना उत्तर हवं असतं हो, ताई. ‘माहीत नाही’ कोण विकत घेतं?"

"बाबा गेल्यापासून मी तेच विकतेय," ताई म्हणाली. "थोडंच खपतं, पण परत कुणी आणून दिलेलं नाही."

साहेबांनी कागद टेबलावर ठेवले, पेन वर ठेवलं आणि विचार करा म्हणून बूट घालून गेले. मग धाकटा फुटला. त्याचा आवाज इतका चढला, की खालची हातोडी थांबली.

"जिंकलेल्या घोड्यावर पाणी सोडणारी तू एकटीच असशील जगात! माझी पोरं काय खाणार, तुझा खरेपणा?"

ताईला रडू आलं. ते तिने लपवलं नाही. भाऊ वाईट नव्हता, घाबरला होता, आणि भीती खोटी नव्हती. पण त्याच्यावरच्या मायेपोटी सही करायची, तर तेही रिकाम्या रकान्यात शून्य भरणंच झालं. तिने डोळे पुसले, कागद उचलले आणि त्याच्या हातात दिले.

"तुझी सही तुझ्यापाशी. माझी मिळणार नाही. पान बंद पडलं तर मी खाली पंक्चर काढीन. आणि तुझ्या पोरांना उपाशी ठेवीन असं वाटलंच कसं रे तुला?"

तो कागद घेऊन जिना उतरला. पुढच्या रेसच्या दिवशी तो पान विकायला आला नाही.

ताईने गठ्ठा उचलला आणि स्वतः फाटकावर गेली. आजवर ती तिथे कधी उभी राहिली नव्हती. डावीकडचा टिपवाला ओरडत होता, उजवीकडचा त्याच्यावर ताण करत होता. तिने गठ्ठ्यातलं एक पान वर धरलं. मग तिने पानाची सगळ्यात वरची ओळ वाचली, जी तिने स्वतः जाड टाइपात छापली होती.

"आमचा अंदाज चुकला होता!" ती ओरडली. "मागच्या वेळी सात नंबरवर आम्ही चुकलो!"

लोक वळून बघू लागले. कुणी हसलं. शिंपीकाका गर्दीतून लगबगीने आले, पान हिसकून वाचलं आणि तिच्यावर डोळे वटारले.

"अगं बाई, सात नंबर जिंकला! मी जिंकलोय त्याच्यावर!"

"तुम्ही जिंकलात, काका. घोडाही जिंकला. चुकलो आम्ही."

"मग आज काय सांगतेस?"

"सहापैकी चार रेसचं काही सांगता येत नाही."

काकांनी कपाळाला हात लावला, पान तिच्या गठ्ठ्यावर आपटलं आणि उजवीकडच्या टिपवाल्याकडे चालू पडले. ताईने चुरगळलेलं पान तळहाताने सपाट केलं, गठ्ठ्याच्या सगळ्यात वर ठेवलं आणि डावीकडच्याचा, उजवीकडच्याचा, दोघांचाही आवाज बुडेल अशी आरोळी ठोकली, "सांगता येत नाही! चार रेसचं सांगता येत नाही! या, घेऊन जा!"