मलावीचा शाफ्ट

रविवारची उपासना संपली आणि पाळकसाहेबांनी जाहीर केलं, "परदेशातल्या एका प्रेस्बिटेरियन मंडळीला आपल्याशी भागीदारी करायची आहे."

लांडेवाडीतल्या त्या दुसऱ्या मजल्यावरच्या हॉलमध्ये एकदम गलका उठला. मिरज-कोल्हापूरकडून भोसरीला पोटापाण्यासाठी आलेली पस्तीसेक कुटुंबं, एवढीच ती ख्रिस्ती मंडळी. हॉल भाड्याचा, पेटीचा भाता फाटलेला. ज्योतीरामकाका आवळ्यांनी तर उभ्या उभ्या यादीच सुरू केली. नवी पेटी, खुर्च्या, जमलंच तर स्वतःची जागा. काकांचं लहानपण मिशनच्या आवारात गेलेलं. परदेशी म्हणजे देणारे, हे त्यांच्या मनात तेव्हापासून पक्कं बसलेलं.

"कुठली मंडळी, साहेब?" विजयश्रीने विचारलं. ती मंडळीची सेक्रेटरी होती. आठवडाभर एमआयडीसीतल्या वर्कशॉपमध्ये माल तपासायची आणि रविवारी इथला पत्रव्यवहार सांभाळायची.

"मलावीची. आफ्रिकेत आहे."

गलका ओसरला. "आफ्रिका व्हय?" काका खाली बसत म्हणाले. "म्हंजे आता आपणच द्यायचं म्हणा की!"

चारदोन माणसं हसली. तेवढ्यात मागच्या रांगेतून तादाला उठली. ही मुलगी मलावीचीच. पिंपळे गुरवला खोली घेऊन राहायची, फार्मसीच्या शेवटच्या वर्षाला होती. मराठी फारसं कळत नसूनही दोन वर्षं ती इथे येत होती, कारण गाण्यांच्या चाली तिच्या घरच्याच होत्या. भागीदारीची गोष्ट गावी तिनेच काढली होती.

"काका, आमचं पण मिशन आहे," ती मोडक्या मराठीत म्हणाली. "दवाखाना आहे. पण पाणी नाही. पंप तुटला."

विजयश्रीने कान टवकारले. "काय तुटलं पंपाचं?"

"मला माहीत नाही, ताई. लिंबानीला माहीत."

गुरुवारी एमआयडीसीला सुट्टी, म्हणून पहिला व्हिडिओ कॉल गुरुवारी संध्याकाळी ठरला. हॉलच्या भिंतीवर पांढरी चादर लावून तिच्यावर चित्र पाडलं. समोर लाल मातीचं अंगण, पत्र्याची बैठी इमारत आणि दोन बाजूंना एकसारख्या कपड्यांतल्या बायका. आधी त्यांनी गाणं म्हटलं. चाल ओळखीची निघाली, तशी इकडची मंडळीही मराठीतून त्यांच्यात सामील झाली. दोन भाषा, एक चाल, आणि मध्ये आवाज उशिरा पोचत असल्यामुळे उडालेला सगळा गोंधळ! पाळकसाहेब हसून हसून बेजार झाले.

मग लिंबानी समोर आला. दवाखान्याचा मिस्त्री, अंगाने काटकुळा. त्याने पंपाचा शाफ्ट, म्हणजे आतला फिरणारा दांडा, दोन तुकड्यांत दाखवला. पंप बनवणारी कंपनी कधीच बंद पडली होती. तीन आठवडे बायका नदीवरून पाणी आणत होत्या, बाळंतिणींसाठीसुद्धा.

"मापं घेतलीस का?" विजयश्रीने आपल्या कामचलाऊ इंग्रजीत विचारलं.

घेतली होती. शहरातल्या गॅरेजमधून बारीक माप घेणारा व्हर्निअर मागून आणून त्याने एकेक माप कागदावर उतरवलं होतं. कागद त्याने कॅमेऱ्यासमोर धरला. विजयश्री वाचू लागली आणि एका आकड्यावर अडली. बेअरिंग बसतं तिथे एकोणतीस पॉइंट सहा.

"हे झिजलेलं माप आहे," ती म्हणाली. "या मापाने केला तर शाफ्ट बेअरिंगमध्ये खुळखुळेल. लिंबानी, बेअरिंग आहे का? त्याच्या कडेला नंबर असेल बघ."

लिंबानी पळत गेला. पडद्यावर नुसतं अंगण राहिलं, त्यात एक कोंबडी फिरत होती. भोसरीत चाळीस माणसं श्वास धरून त्या कोंबडीकडे बघत बसली. लिंबानी धापा टाकत परतला, त्याने बेअरिंगवरचं ग्रीस शर्टाच्या टोकाने पुसलं आणि मोठ्याने वाचलं, "सिक्स, टू, झीरो, सिक्स!"

"तीस!" विजयश्री ओरडली. त्याच क्षणी मागून आणखी एक आवाज आला, "तीस मिलिमीटर!"

ज्योतीरामकाका खुर्चीतून उठून उभे होते. बत्तीस वर्षं लेथवर लोखंड कातणारा टर्नर म्हणून काम केलेला माणूस. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, तरी बासष्टशे सहा म्हटल्यावर तोंडातून आपोआप तीस निघालं. नंबरातले शेवटचे दोन आकडे गुणिले पाच, हे बेअरिंगच्या भोकाचं माप. ते रांगेतून वाट काढत पडद्यापर्यंत आले आणि लिंबानीला थेट मराठीतच विचारू लागले, "पोरा, तुटलेलं तोंड जवळ धर. चाक अडकवायची चावी बसते, त्या खाचेत तुटलंय न्हवं? कोपरा धारदार ठेवलाय बघ त्यांनी. तिथनंच चीर गेली."

तादालाने जमेल तसं भाषांतर केलं. लिंबानीने तुकडा कॅमेऱ्याशी धरला आणि तो हसला. तंतोतंत तसंच होतं.

"विजया," काका वळून म्हणाले, "लेथ कुठं मिळंल?"

विजयश्री काम करत होती त्या वर्कशॉपचे मालक गणराजशेठ. दुसऱ्या दिवशी तिने चाचरतच विषय काढला. "दवाखान्याला पाणी मिळतंय ना?" शेठ म्हणाले. "मग विचारता काय ताई? गुरुवारी मशीन रिकामंच असतं. चावी घेऊन जा."

पुढच्या गुरुवारी काकांनी लेथ सुरू केला. न गंजणाऱ्या पोलादाचा गज लावला. विजयश्री दर वेळी मायक्रोमीटर लावायची आणि सांगायची, "अजून दोन शतांश." काका हळूच हत्यार पुढे सरकवायचे. खाचेचे कोपरे त्यांनी गोलसर ठेवले. शेवटचं माप बरोबर तीस भरलं तेव्हा विजयश्रीने मायक्रोमीटर त्यांच्यापुढे धरला. काकांनी चष्मा वर करून पाहिलं आणि ते एवढंच म्हणाले, "आणखी एक करूया. त्यांच्याकडं जास्तीचा असूंदे."

परीक्षा आटोपून तादाला घरी निघाली, तेव्हा तिच्या बॅगेत कपड्यांच्या घड्यांमध्ये तेलकागदात गुंडाळलेले दोन शाफ्ट होते. विमानतळावर बॅग उघडायला लावली. तिने मंडळीचं पत्र दाखवलं, पंपाचा फोटो दाखवला, आणि शेवटी बॅग सुटली.

नऊ दिवसांनी कॉल आला. हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. पडद्यावर लिंबानीने बटण दाबलं. पंप घुमला, नळ खोकला, लालसर पाणी थुंकला, पुन्हा खोकला आणि मग पाण्याची जाड, स्वच्छ धार लागली! तिकडच्या बायकांनी असा काही जल्लोष केला की इकडचा स्पीकर फाटायची वेळ आली. इकडेही सगळे उभे राहिले. ज्योतीरामकाका टाळ्या वाजवायचे विसरून नुसते ओरडत होते, "थरथरतोय का बघा! हात लावून बघा!" लिंबानीने पंपावर हात ठेवला आणि मान हलवली. अजिबात थरथरत नव्हता.

गलबला जरा कमी झाला तशी दवाखान्याची मेट्रन, म्हणजे मुख्य नर्स, पुढे आली. पन्नाशीची, भारदस्त बाई. तिने आभार मानले आणि सरळ विचारलं, "आता तुमचं सांगा. तुमच्याकडे काय अडलंय?"

पाळकसाहेबांनी विजयश्रीकडे पाहिलं.

"आमच्या बायका कंपनीत बारा-बारा तास उभ्या असतात," ती म्हणाली. "आजार अंगावर काढतात. चक्कर येऊन पडेपर्यंत कुणी काही बोलत नाही. डॉक्टरकडे जायलाही लाजतात."

मेट्रनने खुर्ची पुढे ओढली. वीस वर्षं ती खेड्यांतल्या बायकांना हेच शिकवत आली होती. रक्तदाब कसा मोजायचा, अशक्तपणा डोळ्यांत कसा दिसतो, कुठल्या दुखण्याला थांबायचं नाही. शिकलेल्या बायकाच मग गावोगाव जाऊन इतरांना तपासत. "तुमच्यातल्या दहा जणी द्या," ती म्हणाली. "मी शिकवते."

"दहाच का?" पाठीमागून शकू ओरडली. ही गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या कंपनीत कामाला होती, एरवी उपासनेत तोंड न उघडणारी. "मला आधी विचारायचंय! ताई, तिला विचारा, संध्याकाळी माझे पाय असे सुजतात, ते कशानं?"

आणि बघता बघता बायका खुर्च्या सरकवून पुढे आल्या. एक डोकेदुखीचं सांगत होती, दुसरी सासूच्या खोकल्याचं. विजयश्रीला लॅपटॉपजवळ धड उभंही राहता येईना. "एकेक जण बोला गं!" ती ओरडत होती, हसत होती, आणि पलीकडे मेट्रनने वही उघडून पहिलं नाव विचारलं होतं.