माझ्या नजरेबाहेरची छिद्रं

मी चिखलीच्या कॉलेजातला जुना सूक्ष्मदर्शक. गप्प बसायचं ठरवलं होतं, पण जळफळाट आता आत मावत नाही.

लोणारच्या दगडांचे काप तीस वर्षं माझ्याच काचेखाली आले. नांदुऱ्याची समता पहिल्यांदा माझ्यात डोकावली तेव्हा "अगं माय!" म्हणाली होती. ते मी अजून जपलंय.

मग तिनं पीएच.डी.साठी शेल घेतला. कोळशाच्या पट्ट्यातला, थराथरांचा, काळाकुट्ट दगड. त्यात मुरलेल्या पाल्यापाचोळ्यात म्हणे इतकी बारीक छिद्रं असतात की वायू त्यांत दडून बसतो. मी जीव तोडून पाहिलं. मला नुसता काळोख दिसला. समतानं माझ्यावर कापड टाकलं आणि तुकडा नागपूरला पाठवला.

तिथे इलेक्ट्रॉनवाला सूक्ष्मदर्शक आहे. एसीत राहतो. त्याच्याकडे जायचं तर आधी वेळ घ्यावी लागते, चपला बाहेर काढाव्या लागतात. माझ्या शेजारी आमचे प्रयोगशाळेचे पुंजाजी डबा सोडून बसतात.

फोटो आले. छिद्रंच छिद्रं! समता नाचायचीच बाकी होती. सोमवारी प्रबंधाचं प्रकरण गाइडकडे जायचं होतं. माझा नुसता तिळपापड झाला.

पण रविवारी तिला काहीतरी खटकलं. सगळी छिद्रं लांबट, थरांच्याच दिशेनं, तड्यांसारखी. तिनं माझ्यावरचं कापड ओढलं, त्याच दगडाचा काप खाली ठेवला. मला भेगा दिसल्या, केसासारख्या. न कापलेल्या तुकड्याला मात्र एकही नव्हती.

"काका, हा करवतीवर पाणी सोडून कापला का?"

"हाव. लोनारचे सारे दगड पान्यावरच कापले न मॅडम. काऊन?"

"हा पाणी पितो, काका. फुगतो अन् तडकतो."

पुंजाजी डोक्याला हात लावून बसले. मी मात्र मनातल्या मनात पेढे वाटले. एसीतल्या साहेबांनी तडे टिपले होते, आणि चोरी पकडली मी!

दुसरा तुकडा पुंजाजींनी रॉकेलवर कापला. समतानं तो मला दाखवला. एकही भेग नव्हती. "आता झकास," म्हणाली, आणि तो पुन्हा त्याच्याचकडे पाठवला. या वेळी खरी छिद्रं आली. प्रकरण उशिरा गेलं, पण खरं गेलं.

तो फोटो आता माझ्या डोक्यावरच्या भिंतीवर आहे. येणारे जाणारे मान वर करून पाहतात, "अगं माय!" म्हणतात. माझी नजर खाली. मला तो दिसत नाही.

समता, एकदा तो फोटो काढून माझ्या काचेखाली धर. मला शाईचे ठिपकेच दिसतील, माहीत आहे. तरी धर.