उशिरा पोचलेला पाचवा डबा

त्या पत्राचं उत्तर कुवाबारांनी बेचाळीस वर्षांत निदान शंभरदा लिहिलं असेल आणि तितक्याच वेळा फाडलं असेल. पत्र मात्र जपलं होतं, सिनेमाच्या रिळाच्या एका रिकाम्या, गंजलेल्या डब्यात. लिहिणारी आशिझावा मियोको, तेव्हा वय एकोणतीस. मजकूर त्यांना तोंडपाठ होता.

‘थिएटरात सिनेमाचा अर्थ सांगणारा कागद वाटतात, तो तुम्हीच लिहिता असं कळलं. कागदात सगळं आहे, फक्त हे नाही. दूरच्या ताऱ्यावरून माणूस परततो, तर त्याची बायको मेलेली, घर रिकामं. मग ती परत येते, मुळा चिरते, दोन वाट्या मांडते आणि म्हणते, “आज उशीर झाला.” ती कुठून आली? माझे यजमान गेल्या हिवाळ्यात बोगद्याच्या कामावर गेले, ते परतले नाहीत. मी हे दुसऱ्या कुणाला विचारू शकत नाही. कृपा करून कळवावं.’

कुवाबारा त्या थिएटरात प्रोजेक्टर चालवत. उत्तर त्यांना ठाऊक होतं, आणि तेच तर दुखणं होतं.

त्या काळी सिनेमाची एकच प्रत दोन गावांत चाले. शेजारच्या युनोसावात एक रीळ संपलं की डबे पोचवणारा तोमिझो ते मोटरसायकलवर टाकून बारा किलोमीटरचा घाट उतरून इकडे आणी. हा सिनेमा लागला त्या रविवारी दुपारी बर्फाने घाट अडला. इथे चौथं रीळ संपलं आणि पडदा पांढराफटक पडला. लोक रॉकेलच्या शेगडीला चिकटून तासभर बसले. शेवटी तोमिझो आला तो एकदम दोन डबे घेऊन. दोन्हींवरच्या चिठ्ठ्या भिजून गळून पडलेल्या. रिळाच्या सुरुवातीला आकडा असतो, तो बघायला अर्धं मिनिट पुरतं. पण खाली टाळ्या पडायला लागल्या होत्या, मालक जिन्यातून विचारत होता की कुवाबारा, आज दाखवणार की उद्या, आणि कुवाबारांना कुणी हाक मारली तरी घाम फुटे. त्यांनी हाताला लागला तो डबा उघडला.

पाच मिनिटांत पडद्यावर अंत्यविधी सुरू झाला. बायकोची अजून ओळखही नीट झाली नव्हती आणि तिचा फोटो काळ्या फितीत. कुवाबारांचा हात दिव्यांच्या बटणापर्यंत गेला. दिवे लावायचे, शे-दीडशे माणसांची माफी मागायची, रीळ बदलायचं. हात परत आला. आधी सहावं रीळ, मग पाचवं, शेवटी सातवं, असा तो सिनेमा त्या गावाने पाहिला, आणि दुसऱ्या दिवशी प्रत पुढच्या मुक्कामाला गेली.

कुणाच्या काही लक्षात आलं नाही. सिनेमाच मुळात असा की शेवटची दहा मिनिटं एक माणूस नुसता आभाळाकडे बघतो. न्हाव्याचं म्हणणं, दुसरी बाई खरी नव्हेच, यंत्र आहे. विज्ञानाच्या मास्तरांनी फळ्यावर काळाचं वर्तुळ काढून दाखवलं. महिनाभर वाद चालला. कुवाबारांनी दोघांपुढेही मान डोलावली. मग हे पत्र आलं.

आता थिएटर पाडून तिथे गाड्या उभ्या करायची जागा झालेली. तो सिनेमा मात्र दरम्यान थोर ठरला होता. त्याच्यावर जाड पुस्तकं निघाली, आणि कुवाबारांनी ती सगळी वाचली, आपलं काही चुकलं नव्हतं असं एखाद्या पानावर सापडेल या वेड्या आशेने. या फेब्रुवारीत गावच्या सभागृहात तो पुन्हा दाखवणार होते. तिथल्या नागाई-सानचा फोन आला. सुरुवातीला दहा मिनिटं त्यांनीच अर्थ सांगावा अशी तिची विनंती होती. मग हसत हसत तिने सांगितलं की पहिल्या दोन जागा एका आशिझावा बाईंनी धरल्या आहेत. लेकीला सेंदाईहून बोलावलंय, त्या सिनेमात परत आलेली बाई दाखवायला.

“मी तर डिस्कवर दोनदा पाहिला,” नागाई-सान म्हणाली. “परत कुणी येत नाही हो त्यात. बाईंचा काहीतरी गोंधळ झालाय.”

कुवाबारा “हो का,” म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला.

धाकटी बहीण सादाए नवरा गेल्यापासून त्यांच्याकडेच राहत होती. ती कोबी मिठात दाबत बसली होती. भावाचा चेहरा पाहून कोण गेलं म्हणून तिने विचारलं. कुणी नाही म्हणून त्यांनी डबा आणला आणि आयुष्यात पहिल्यांदा सगळं सांगितलं. सादाए डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. मग तिने हात पुसून पत्र वाचलं आणि हसू थांबलं.

“बेचाळीस वर्षं, दादा. कोंबडीसुद्धा एकवीस दिवसांत अंड्याचा नाद सोडते.”

कुवाबारा म्हणाले, काहीतरी अर्थ रचून लिहावा तर ते खोटं. खरं लिहावं तर त्या बाईचा नवरा दुसऱ्यांदा मरणार, आणि तोही आपल्या हातून. आता ती लेकीला शेजारी बसवून वाट बघणार, आणि पडद्यावर कुणी येणार नाही.

“तू तिला फार नाजूक समजतोस,” सादाए म्हणाली. “तिने एकटीने मुलगी वाढवली. तुला एक पत्र टाकता आलं नाही.”

“पण अर्थ काय सांगू?”

“अर्थ विचारलाय कुणी? तिने विचारलंय, ती कुठून आली. कुठून आली ते तुला माहीत आहे ना? मग तेवढं लिही. आणि तो कोबी तुडवू नकोस.”

ते खोलीत गेले. या वेळी कच्चा खर्डा केला नाही.

‘आशिझावा-सान, उत्तराला उशीर झाला. ती बाई युनोसावाहून आली. तोमिझोच्या मोटरसायकलवर, पत्र्याच्या डब्यात, दोरीने बांधलेली, बर्फातून, तासभर उशिरा. डबे दोन होते. तिच्या मरणाचा मी आधी उघडला, जगण्याचा नंतर. चूक माझी. पाच मिनिटांत ती कळली, तरी मी दिवे लावले नाहीत. खऱ्या सिनेमात ती आधी मुळा चिरते आणि मग मरते, परत येत नाही. चौदा तारखेला तसंच दिसेल. लेकीला आणण्याआधी तुम्हाला हे माहीत असावं.’

इथे थांबायचं होतं. पण पेन कागदावरच राहिलं. मरणाचं रीळ संपलं तेव्हाची ती खोली त्यांना आठवली, तापलेल्या दिव्याचा वास, आणि टेबलावर तो दुसरा डबा. मग त्यांनी आजवर स्वतःलाही न सांगितलेलं लिहिलं.

‘ते पाचवं रीळ मी गाळलं असतं तरी चाललं असतं. तोवर मला सगळं कळलं होतं, आणि त्या सिनेमात कुणाला काही कळतच नव्हतं. ते मी जाणूनबुजून लावलं. तिला तशी मेलेली सोडून पुढे जाववेना. म्हणजे अर्धी चूक बर्फाची आणि भित्रेपणाची होती, अर्धी माझ्या मर्जीने केलेली. ती परत आली ती माझ्या छोट्या खिडकीतून मीही पाहिली. सभागृहात मी दारापाशी बसेन. रागवायचं असेल तर तिथे यावं.’

सादाएला न वाचून दाखवता त्यांनी पाकीट चिकटवलं, बूट चढवले आणि कोपऱ्यावरच्या लाल पेटीपाशी गेले. पेटीच्या तोंडावरचं बर्फ हाताने झाडलं. मग पाकीट उजेडाकडे धरून नाव, गाव, आकडा नीट वाचून पाहिला. अर्धं मिनिट लागलं. त्यांनी पत्र आत सोडलं.