काळजीच्या सुरात

रेकॉर्डिंग स्टुडिओच्या काचेपलीकडून प्रचाराचे साहेब म्हणाले, "ताई, घाबरवू नका. ओरडणारे आमच्याकडे ढिगाने आहेत. तुम्ही फक्त काळजी करा. घरच्या माणसाची करता ना, तशी."

मी कागद वाचला. कालव्यापलीकडच्या वस्तीतले लोक आता आपल्या गल्लीत येतात, म्हातारं माणूस एकटं दिसलं की दार वाजवतात. मत देताना घरच्यांचा विचार करा.

"असं कुठे घडलंय का हो?"

"घडलंय असं कुठे लिहिलंय? सावध राहा, एवढंच. सावध राहा म्हणणं पाप आहे का, ताई?"

पाप नव्हतं. डोळे मिटून मी आईला समोर आणलं आणि माइकमध्ये बोलले. एका दमात झालं. साहेब म्हणाले, "काय गळा आहे! मला माझीच आई आठवली."

दुसऱ्या दिवशी तो निरोप शहरभर फोनवर वाजला. आमच्या घरीही.

पक्षाघातानंतर आईला चालायला शिकवणाऱ्या सिस्टर त्याच वस्तीतून यायच्या. चार महिन्यांत त्यांनी तिला पलंगापासून दारापर्यंत आणलं होतं. डॉक्टरांनी बजावलं होतं, खंड पडला तर पाय कायमचा गेला समजा.

दुपारी मी घरी आले तेव्हा सिस्टर जिन्यात बसल्या होत्या. आतून कडी. कडी घालायला आई भिंत धरून एकटी चालत गेली होती. माझी हाक ऐकून तिने दार फटीएवढं उघडलं आणि मला आत ओढलं.

"अगं आई, सिस्टर आहेत त्या! महिनाभर घास भरवलाय तुला."

"भरवला असेल. तेव्हा मला कुठे माहीत होतं?"

"ते फोनवरचं खोटं आहे. मीच बोलले ते."

"तुझा आवाज मी ओळखणार नाही होय? दुसरी कुणी असती तर फोन आपटला असता. तू जन्मात खोटं बोलली नाहीस."

"आत्ता सांगतेय ना, खोटं होतं म्हणून!"

आईने माझ्या तोंडाकडे निरखून पाहिलं. मग हळूच विचारलं, "ती बाहेर आहे म्हणून असं बोलतेस? धमकावलं का गं तिने तुला?"

मी बाहेर धावले. सिस्टरनी सगळं ऐकलं होतं.

"उद्या या हो. दार मी उघडेन."

"दार उघडाल, ताई," त्या पिशवी उचलत म्हणाल्या. "पण चालताना सगळा भार माझ्या खांद्यावर टाकावा लागतो. टाकतील त्या?"

त्या जिना उतरल्या.

आतून आई विचारत होती, "गेली का?"